सातास एक

पाकिटावर पाच रुपयांचं एकच तिकीट होतं आणि त्यावरचा शिक्का सांगलीचा होता. हर्षदानं आधी तेवढंच पाहिलं. वस्तू हातात आली की ती कुठून आली, कधी निघाली हे आधी बघायचं आणि ती काय आहे ते मागून, ही सवय तिला बी.एस्सी.च्या तीन वर्षांत लागली होती. वाळवलेल्या नमुन्याखालची चिठ्ठी आधी, पान नंतर. शिक्का नऊ दिवसांपूर्वीचा. पाकीट फुगीर, आत काहीतरी दाणेदार. मग नजर खाली उतरली आणि निळ्या शाईतल्या, मास्तरी वळणाच्या अक्षरांवर थांबली. कु. सोमी, मु. साखरशेत, ता. जव्हार, जि. ठाणे. तिचा अंगठा नेमका सोमीच्या नावावर होता. तो तिनं बाजूला घेतला.

“तुमचे घरी गेलते,” नवशी म्हणाली. “तुझी आय बोलली, मास्तर मोखाड्याला गेलं, पोर दुकानात हाय. म्हटलं, पोर वाचंल.” चपला तिनं उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या. जव्हारच्या एसटी स्टँडवरून वर येणाऱ्या चढावर धर्मेंद्रचा सायबर कॅफे होता. चार संगणक, त्यांतले दोन चालू, एक झेरॉक्सचं यंत्र आणि लाल प्लॅस्टिकच्या सहा खुर्च्या. नवशी खुर्चीवर बसली नाही, टेबलाला धरून उभी राहिली. “टपालवाला बोलला, काकी, कागद तुझे पोरीचा हाय. मी बोलले, परत बोल. त्यानं परत वाचलं. तेच नाव.” ती हसत नव्हती, रडत नव्हती. एखाद्या झऱ्याचं पाणी गढूळ आहे की नितळ, हे वाकून बघताना माणूस जसा श्वास धरतो तशी ती उभी होती. “फाड. वाच.”

हर्षदानं फाडलं. वाचताना एक शब्द गाळायचा नाही ही वडलांची शिकवण होती. देवराम गुरुजींकडे साखरशेतची अर्धी माणसं कागद घेऊन येत, कुणाचा अर्ज, कुणाचं पत्र, आणि गुरुजी सांगत, पोरी, कागद दुसऱ्याचा असतो, आपला फक्त आवाज. म्हणून तिनं वाचलं. सांगलीचे कुणी निवृत्त शिक्षक होते. वाचनालयातल्या संगणकावर गेलं वर्षभर ते सोमीनं साठवलेली पानं बघत होते, त्यांखालच्या तिच्या टिपा वहीत उतरवून घेत होते. रानभाज्यांवर, कंदांवर इतकं नेमकं लिहिणारं कुणी त्यांना भेटलं नव्हतं. कडूकंदाच्या चकत्या राखेच्या पाण्यात उकडून, टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या हे पुस्तकात मिळतं. पण टोपलीवर ठेवायचा दगड उभा हवा, आडवा ठेवला तर पाणी अडतं आणि मधल्या चकत्यांचा कडूपणा राहतो, हे फक्त तुझ्याकडे वाचलं. बाळ, हे तू तुझ्या आईकडून शिकलीस असं लिहिलं आहेस, त्या माउलीला माझा नमस्कार सांग. सोबत आमच्याकडच्या काळ्या पावट्याचं बी पाठवतो आहे. गावाचं नाव तुझ्या माहितीत होतं, त्यावरून पत्र पोचेल अशी आशा.

“उभा दगड,” नवशी म्हणाली.

मग तिनं टेबल सोडलं आणि ती लाल खुर्चीत बसली. तिचे पाय जमिनीला पुरे टेकत नव्हते. “आडवा नाय. उभा. तां मीच शिकवलं तिला. माझे सासूला पण ठावं नव्हतं.” मग हर्षदाकडे बघून म्हणाली, “म्हंजे हाय ती.”

या ठिकाणी एक क्षण होता. हर्षदानं पुढे त्या क्षणाची लांबी अनेकदा मोजली. झेरॉक्सच्या यंत्रानं तेवढ्यात दोन कागद टाकले होते, म्हणजे सहा-सात सेकंद. तेवढ्यात सांगता आलं असतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, “पत्र सोमीच्याच नावानं आहे, काकी.” या वाक्यातला एकही शब्द खोटा नव्हता. नवशीनं बी पदराला बांधलं, पत्र चोळीत घातलं आणि उठली. “सोमीचे बापाला सांगते, गवत नको आणू. अवसेला पुतळा करायचा ठरवलाय त्यानं. गवताचा. पोरीचा पुतळा करून दिस घालायचे, मग तिचे भावाचं, संदीपचं लगीन.” चपला घालताना ती उंबऱ्यात वाकली आणि तिथूनच म्हणाली, “मी बोललेलेच, ती हाय.” उतारावर ती भराभर चालत गेली. तिला इतकं भराभर चालताना हर्षदानं नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं.

“कोण होती गं?” धर्मेंद्रनं काउंटरवरून विचारलं. “ए सायंटिस्ट, तुझ्याशी बोलतोय. त्या सहलवाल्यांचा फोन आला होता. दाभोसा धबधब्यावर आपण अजून तिसरे आहोत. चार लिंका टाक आज, त्या साखरशेतवाल्या पोरीकडून टाक. तिचं वजन जास्त आहे.”

तिचं वजन जास्त होतं हे खरं. काम हर्षदाला धर्मेंद्रनं दीड वर्षापूर्वी समजावलं होतं आणि तिला ते समजायला पाच मिनिटं लागली होती. शोधयंत्राला पान चांगलं की वाईट हे कळत नाही. दुसरी किती पानं त्या पानाकडे बोट दाखवतात एवढंच ते मोजतं. बोटं मोजतं, माणसं मोजत नाही. मग ठाण्यातल्या एका सहल कंपनीचं पान वर न्यायचं तर बोटं वाढवायची. आवडलेली पानं जपून ठेवायची आणि चार लोकांना दाखवायची, अशी सोय देणाऱ्या बुकमार्किंगच्या साइट तेव्हा, दोन हजार सात साली, पुष्कळ होत्या. तिथं खाती उघडायची, एकेका खात्यातून कंपनीचं पान साठवायचं, खाली दोन ओळी लिहायच्या. एका माणसानं नुसती कंपनीचीच पानं साठवली तर साइटवाले ते खातं उडवतात, म्हणून प्रमाण ठेवायचं. सातास एक. सात पानं कसलीही, मनापासून साठवल्यासारखी, आठवं कंपनीचं. हर्षदाला हे प्रमाण आवडलं होतं. द्रावणासारखं होतं. तिनं वहीत रकाने आखले. खात्याचं नाव, जन्मतारीख, आवडी, सात, एक. चूक एकदाही झाली नाही.

नावांची मात्र पंचाईत झाली. हर्षदा घेतलेलं होतं, प्रतिभा घेतलेलं होतं, प्रगती, गोकुळ, संदीप, सगळी नावं जगात कुणी ना कुणी आधीच बळकावून बसलं होतं. पुढे आकडे लावले की खातं बनावट दिसतं. “लोकल पाहिजे,” धर्मेंद्र म्हणाला होता. “आपल्या पाड्यातली नावं टाक. मुंबईवाला मुंबईवाल्यावर विश्वास ठेवत नाही. इथलीच एखादी पोरगी म्हणाली की शिरपामाळावरून सूर्यास्त बघा आणि अमक्या ठिकाणी मुक्काम करा, की आलाच तो बॅग भरून.” तो हसला, तीही हसली. हे हसणं तिला आता आठवलं, आपलं तोंड कुठल्या बाजूला होतं, हातात चहाचा पेला होता की नाही, सगळं. मग तिनं विचार न करता दोन अक्षरं टंकली, सोमी, आणि चौकटीच्या कडेला हिरवी खूण आली. हे नाव उपलब्ध आहे.

विचार न करता, हे तिनं स्वतःला दीड वर्ष सांगितलं होतं. पण विचार न करता माणूस गावाचं नाव लिहीत नाही. बाकीच्या एकतीस खात्यांच्या गावाच्या रकान्यात तिनं ठाणे, नाशिक, कल्याण असं काहीही भरलं होतं. सोमीच्या रकान्यात साखरशेत लिहिलं. बाकीच्यांची सात पानं ती दहा मिनिटांत उरकायची, क्रिकेट, पाककृती, शुभेच्छापत्रं. सोमीची सात पानं शोधायला ती तास घ्यायची. वीज नसली तर पुढच्या दिवसासाठी टिपा वहीत लिहून ठेवायची. कोळीची भाजी, शेवळं, लोत, कोणत्या नक्षत्रात काय उगवतं, काय खाल्लं तर घसा खाजतो. कॉलेजात यांची लॅटिन नावं तिनं पाठ केली होती. पण चव, वास, हाताला होणारी खाज, हे सगळं सोमीचं होतं. दहाव्या वर्षी ओहोळाच्या कडेला उकिडवी बसून सोमी सांगायची आणि मास्तरांची पोर ऐकायची. कंदाची चकती जिभेच्या टोकाला लावायची, गप बसायचं, मनात वीस म्हणायचं. चुरचुरलं तर परत पाण्यात. सोमीला वीसपर्यंतच येत होतं, म्हणून वीस. तिथं लिहिताना हर्षदाला आनंद व्हायचा. हा आनंद आता तिला सगळ्यात जास्त टोचत होता. पैशासाठी केलं असतं तर पैशाचं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. प्रत्येक सातानंतर न चुकता आठवं तिनं टाकलं होतं. आम्ही इथलेच, आमचं ऐका, याच ठिकाणी उतरा. एकूण एक्केचाळीस वेळा. सोमीनं आयुष्यात कधी कुणाला आमचं ऐका म्हटलं नव्हतं.

सोमीला बोलता यायचं नाही असं नव्हे. रानात ती अखंड बोलायची, घरच्या बोलीत, चिमणीसारखी. शाळेत मात्र तोंड मिटायचं. तिसरीत तपासणीला साहेब आले होते. त्यांनी छडीनं नव्हे, पेनानंच सोमीकडे खूण केली आणि विचारलं, तुझं नाव काय? सोमी उभी राहिली. खिडकीबाहेर कुणीतरी भात झोडत होतं, त्याचे ठोके ऐकू येत होते. ती उभीच. मान खाली नाही, डोळ्यांत पाणी नाही, नुसता आवाज कुठेतरी आत जाऊन बसला होता. साहेबांनी परत विचारलं. देवराम गुरुजींच्या कपाळावर घाम. तेव्हा हर्षदा उठली आणि खणखणीत म्हणाली, तिचं नाव सोमी, राहणार साखरशेत. साहेब खूश झाले. शाबास, म्हणाले. शाबासकी हर्षदाला मिळाली. सुटल्यावर सोमी म्हणाली होती, बरां झालां तू बोललीस. मला नाव ठावं असतंय, पण भ्यायले का तोंड बंद होतंय.

या वाक्यामुळेच पुढची गोष्ट क्षमा करता येण्यासारखी नव्हती. अठ्ठ्याण्णव साली दिवाळी झाल्यावर सोमीच्या बापाच्या, पोश्याच्या पायाला कुऱ्हाड लागली आणि वीटभट्टीवर जाणं त्याला जमेना. तेव्हा मामाच्या टोळीबरोबर तेरा वर्षांची सोमी एकटीच भिवंडीकडे निघाली. आदल्या दिवशी ती गुरुजींच्या अंगणात आली होती. हर्षदा आठवीत, जव्हारच्या शाळेत. रविवारची घरी आलेली, विज्ञानाच्या वहीत फुलाच्या छेदाची आकृती काढत बसलेली. सोमी म्हणाली, एक चिठ्ठी लिवून दे. माझं नाव, बापाचं नाव, गाव, सगळा पत्ता, तो आकडा असतो ना शेवटी, तो पण. पिशवीत ठेवते. हरवले तर दाखवीन. तोंडानं बोलता नाय येणार. हर्षदाच्या हातात टोकदार पेन्सिल होती आणि पुंकेसरांवर छाया द्यायची राहिली होती. उद्या सकाळी देते, ती म्हणाली होती. छाया छान जमली. दहापैकी नऊ गुण मिळाले. सकाळी ती उठली तेव्हा टेम्पो गेलेला होता.

पावसाच्या तोंडावर टोळी परतली, सोमी नाही. मामा सांगत होता, बाजारात मीठ आणायला गेली, गर्दी होती, परत आली नाय. पोश्या लंगडत दोनदा भिवंडीला जाऊन आला. चिठ्ठी असती तर काय झालं असतं, हे हर्षदानं कित्येकदा मांडून पाहिलं होतं. कदाचित काहीच नसतं झालं. कदाचित चिठ्ठी भिजली असती, पिशवीच हरवली असती. हा प्रयोग परत करता येत नव्हता, तुलनेला दुसरी सोमी नव्हती. पण माणूस निर्दोष आहे हे सिद्ध न होणं आणि तो दोषी आहे हे सिद्ध होणं यांत शास्त्रात जेवढं अंतर असतं तेवढं छातीत नसतं. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आठ वर्षांनी एका चौकटीत तिनं सोमी, साखरशेत असं लिहिलं. अर्धाच पत्ता. तोही विकण्यासाठी.

त्या दिवसानंतर अमावस्येला दहा दिवस होते. रोज सकाळी ती ठरवायची, आज. रविवारी सुट्टीला साखरशेतला गेलीसुद्धा. जीपमधून उतरून पाड्याकडे चालताना वाक्यं रचत होती, प्रत्येक वाक्य दुसऱ्यापेक्षा नेमकं. नवशीच्या कुडाच्या घराचं दार सताड उघडं होतं. अंगण सारवलेलं. वळचणीच्या कडेला ओलसर मातीत ताजे खड्डे, ओळीत, आणि त्यांतल्या दोनांतून पावट्याचे वाकलेले कोंब वर आलेले, अजून माती डोक्यावर घेतलेले. “सोमीचे बी,” नवशी म्हणाली. ज्यानं पाठवलं त्या माणसाचं नव्हे, सोमीचं. पोश्या ओट्यावर बसून काठी सोलत होता. तो म्हणाला, “मास्तरांना सांग, पोरीनं कागद लय चांगला वाचला. भगत बोलत होता, पोर ना हिकडं ना तिकडं, लटकलेली हाय. मी त्याला बोललो, लटकलेली नाय, सांगलीकडं हाय.” तो हसला. त्याचे पुढचे दात पडले होते हे हर्षदाला पहिल्यांदा दिसलं. नवशीनं तिला नाचणीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. ती भाकर तिनं खाल्ली. घास गिळताना तिला कंदाची चकती आठवली. जिभेवर ठेवून ती मनात वीस म्हणाली, परत वीस म्हणाली, आणि बोलली नाही.

नवव्या दिवशी दुपारी नवशी कॅफेत आली ती धुतलेलं लुगडं नेसून. “मला दाखव,” ती म्हणाली. “सोमी लिवते ती जागा दाखव. टपालवाला बोलला, कंपूटरात दिसतंय.” धर्मेंद्र जेवायला गेला होता. हर्षदानं तिच्यासाठी खुर्ची ओढली. हात सवयीनं चालले आणि पान उघडलं. डाव्या बाजूला चेहऱ्याच्या जागी करड्या रंगाचं, डोळे-नाक नसलेलं डोकं, फोटो न लावणाऱ्या सगळ्यांना साइट देते ते. शेजारी सोमी. गाव: साखरशेत. खाली परिचय: निसर्गाची आवड, भटकंती, पाहुण्यांचं स्वागत.

“तोंड कुठं हाय?”

“फोटो नाही लावलेला.”

नवशीनं बोट पुढे केलं, काचेला टेकवलं. वाचता येत नसलं तरी ही दोन अक्षरं तिला येत होती. चौथीत असताना सोमीनं ती कोळशानं कुडावर लिहिली होती आणि नवशीनं तेवढा तुकडा सोडून बाकीचा कुड दरवर्षी सारवला होता. “हां,” ती म्हणाली. “हेच.”

“काकी,” हर्षदा म्हणाली, “हे मी लिहिलंय.”

“हां.”

“हे सगळं. टिपा, कंदाचं, सगळं. मी लिहिलं.”

“तूच लिवणार,” नवशी समजावल्यासारखं म्हणाली. “तिचा हात चौथीचा. तिनं सांगितलं, तू लिवलं. तुझा बाप पण आमचं असंच लिवतो. मी सांगते, मास्तर लिवतात. कागद माझाच असतो.”

हर्षदानं सगळी वाक्यं रचली होती, पण या उत्तराची तयारी तिनं केली नव्हती. मी लिहिलं म्हटलं की कबुली पुरी होते असं ती धरून चालली होती. तिच्या जगात लिहिणारा तोच बोलणारा. या बाईच्या जगात आजवर एकदाही लिहिणारा आणि बोलणारा एक नव्हता. म्हणजे अजून एक पायरी खाली उतरणं भाग होतं, आणि तिथं आडोसा नव्हता.

“तिनं सांगितलं नाही,” ती म्हणाली. “ती मला भेटली नाही, काकी. मला तिचा काही ठाव नाही. लहानपणी तिनं जे दाखवलं होतं ते आठवून मी लिहिलं आणि वर तिचं नाव घातलं. एका कंपनीचं काम होतं. पुष्कळ नावं लागत होती. हे नाव मोकळं होतं.”

नवशीचं बोट अजून काचेवर होतं.

“मोकळं कसं?” ती म्हणाली. “मी हाय ना.”

बाहेर स्टँडवर नाशिकची गाडी लागल्याचं कुणी ओरडत होतं. नवशीनं बोट मागे घेतलं. काचेवर ठसा राहिला, वलयावलयांचा. हर्षदाला रडू येत होतं आणि ते येऊ द्यायचं नाही एवढंच तिच्या हातात होतं, कारण रडलं असतं तर नवशीला तिची समजूत काढावी लागली असती आणि ती तिनं काढली असती.

“नऊ दिस मी दाराला कडी लावली नाय,” नवशी म्हणाली. “कुत्री घरात शिरतात. शिरू दे म्हटलं.” मग म्हणाली, “तिचे बापानं आधीच आणलेलं गवत गुरांना घातलं. परत आणाया लागंल.” तिच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर हर्षदाला उभं राहायला जागा झाली असती. “त्या सांगलीवाल्याला आमचा गाव कसा गावला?”

“इथं लिहिलाय. हा.”

“कोणी पण वाचंल?”

“हो.”

“भिवंडीवाला?”

“कुणीही. कुठूनही.”

“मग तेवढा राहू दे,” नवशी म्हणाली. “बाकी तुझां हाय तां पूस. गाव राहू दे. सगळा घाल, मास्तर घालतात तसा.” ती उठली, पदर सारखा केला. “तिच्यापाशी नव्हता. जाताना मी इचारलं, पत्ता घेतलास का? बोलली, हर्षदा लिवून देणार हाय. सकाळी टेम्पो आला, तरी तुमचे घराकडं बघत होती.”

हर्षदानं टेबलाची कड धरली.

“मी कोणाला बोलले नाय,” नवशी म्हणाली. “म्हटलं, पोर हाय. तेव्हा तू पोरच होतीस.” तिनं चपला घातल्या. “आता नाय. अवसेला काय करायचं तां मी नि सोमीचा बाप बघू. तू येऊ नको. नि त्या सांगलीवाल्याला लिव, बी रुजलं.”

ती उतार उतरून गेली, आज सावकाश. धर्मेंद्र दात कोरत परत आला तेव्हा हर्षदा सोमीच्या खात्यातली आठवी पानं एकेक करून काढत होती. वही उघडी होती, प्रत्येक पुसलेल्या नोंदीपुढे ती बारीक फुली मारत होती. “अगं, हे काय?” तो म्हणाला. “वेडी आहेस का? दीड वर्षाची मेहनत आहे ती. खाली जाऊ आपण.” जाऊ, ती म्हणाली. “मी काय सांगू त्यांना?” तो खुर्ची ओढून जवळ बसला, मग तिच्या तोंडाकडे बघून उठला आणि झेरॉक्सच्या यंत्राची झडप उगीच उघडून बंद केली. एक्केचाळिसावी फुली मारायला चार वाजले. मग तिनं ज्या टिपा खरोखर सोमीच्या होत्या त्या वाचल्या. त्या पुसाव्यात की ठेवाव्यात हे तिला ठरवता येईना. त्यात सोमीचं किती, आपलं किती, हे वेगळं करण्याची कुठलीच रीत तिला येत नव्हती. उभा दगड ठेवला. त्याखाली तिनं लिहिलं, ही रीत साखरशेतच्या नवशीबाईंची. सांगितली त्यांच्या मुलीनं, लिहून घेतली दुसऱ्या कुणी.

पत्त्याच्या चौकटीत ती आली. कु. सोमी पोश्या. मु. साखरशेत, पो. जव्हार, ता. जव्हार, जि. ठाणे. शेवटी तो आकडा असतो ना, तो पण, ४०१६०३. सहा आकडे टंकायला तिला किती वेळ लागला हे तिनं या वेळी मोजलं नाही. मग शोधयंत्राच्या कोऱ्या पट्टीत सोमी, साखरशेत असं घालून पाहिलं. दीड वर्ष ती ज्याच्यासाठी राबली ते इथं आपोआप झालं होतं. पान सगळ्यात वर होतं. खाली दुसरं पानच नव्हतं. या नावासाठी जगात कुणाची कुणाशी चढाओढ नव्हती.

ती परत खात्यावर आली. परिचयाचा रकाना राहिला होता. निसर्गाची आवड, भटकंती, पाहुण्यांचं स्वागत. तिनं मागून पुढे एकेक अक्षर खोडलं. चौकट रिकामी झाली आणि तिच्या डाव्या कडेला ती बारीक उभी रेघ लुकलुकायला लागली. तुझं नाव काय, कुठली तू, सांग. हर्षदाला उत्तर पाठ होतं, खणखणीत आवाजात. ती गप्प बसली. चौकट तशीच कोरी ठेवून तिनं पान जपलं.